बॉयलरची गरम पाण्याची कॉइल गळते आहे? बोल्टला पाना लावण्याआधी हे तपासा

बॉयलरच्या अंगावर बोल्टांनी आवळलेली एक प्लेट असते. तिच्याखाली गंजाचा तपकिरी ओघळ दिसला की बहुतेक जण निकाल देऊन मोकळे होतात: कॉइल गेली. पुष्कळदा कॉइल धडधाकट असते आणि संपलेलं असतं ते प्लेटमागचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी चकती. उलटही घडतं. बाहेर टिपूस नाही, फरशी कोरडी ठणठणीत, पण कॉइल आतल्या आत फुटलेली. या दोन बिघाडांची लक्षणं वेगळी, खर्च वेगळा आणि धोकेही वेगळे. म्हणून या लेखात पाना हातात घ्यायच्या आधीची तपासणीच जास्त जागा खाणार आहे. नवशिके चुकतात ते बहुतेक तिथेच.

कोणती कॉइल?

हा विषय बाथरूममधल्या गीझरचा नाही. घर उबदार ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये पाणी किंवा वाफ फिरवणारा बॉयलर असतो, त्याच्या पोटात काही मॉडेल्समध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलेलं असतं. नळीला बाहेरून बारीक पंख असतात, उष्णता पटकन ओढून घेण्यासाठी. वेटोळ्याची दोन्ही टोकं एका जाड प्लेटमधून बाहेर येतात आणि ती प्लेट गॅस्केट घालून बॉयलरच्या तोंडावर बोल्टांनी बसवतात. नळाचं थंड पाणी एका टोकाने आत शिरतं, बॉयलरच्या गरम पाण्यातून वळणं घेत जातं आणि दुसऱ्या टोकाने तापून बाहेर पडतं. साठवणीची टाकी नाही, नळ उघडला की पाणी जाता जाताच तापतं.

म्हणजे इथे दोन वेगळी पाणी आहेत. वेटोळ्याच्या आतलं पाणी वापरायचं, बाहेरचं बॉयलरचं. ती कधीही एकमेकांत मिसळता कामा नयेत. वापराच्या पाण्याला साधारण ३ ते ४ बार दाब असतो. घर तापवणाऱ्या पाण्याचा दाब बॉयलर थंड असताना १ बारच्या आसपास, दुमजली घरात बहुधा ०.८ बार, म्हणजे १२ पीएसआय. हा फरक ध्यानात ठेवा, पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे.

पाणी नक्की येतंय कुठून?

आधी एक कापड घ्या आणि प्लेट, बोल्ट, नळ्या, वरचे सांधे सगळं खडखडीत कोरडं पुसा. मग प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरचा तुकडा लावून बॅटरीच्या उजेडात पाहत बसा. कंटाळवाणं काम आहे, पण पाणी वरून खाली येतं आणि येताना कडेकडेने सरकतं. वरच्या युनियनमधून (नळ्या न कापता सोडवता येणाऱ्या, नटाने आवळलेल्या सांध्यातून) निसटलेला थेंब प्लेटच्या खालच्या बोल्टवर जाऊन लोंबतो, आणि दोष त्या बोल्टला लागतो. तापमान नियंत्रकाची नळी प्लेटमध्येच घुसवलेली असेल तर तिचे आटेही पाहा. दमट दिवसांत थंड पाण्याच्या नळीला बाहेरून घाम सुटतो, तोही गळतीसारखाच ठिबकतो. मी स्वतः एकदा अख्खा रविवार असल्या घामाच्या मागे घालवला आहे. नळीवर फोमचं आवरण चढवलं आणि 'गळती' थांबली.

सगळं वरून कोरडं आणि ओल फक्त प्लेट व बॉयलर यांच्या फटीतून, असं दिसलं तर ते गॅस्केट. याची एक खूण म्हणजे बॉयलर गरम असताना गळती थांबते किंवा कमी होते आणि थंड पडला की ठिबक सुरू. धातू तापल्यावर फुगतो आणि फट मिटते, निवल्यावर आकसतो. रबर जुनं होऊन कडक झालेलं असलं की त्याला या हालचालीबरोबर पसरता येत नाही. म्हणूनच बरेच दिवस बॉयलर बंद ठेवला की वर्षानुवर्षं गप्प असलेलं गॅस्केट अचानक बोलू लागतं.

आता आतली गळती. वेटोळ्याला टाचणीएवढं भोक पडलं तर जास्त दाबाचं पाणी कमी दाबाच्या बाजूला घुसतं, म्हणजे नळाचं पाणी बॉयलरमध्ये. बाहेर काही दिसत नाही. दिसतं ते प्रेशर गेजवर: काटा हळूहळू चढत जातो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी सुटतं. घरगुती बॉयलरवर हा व्हॉल्व्ह मॉडेलनुसार साधारण २ किंवा ३ बारला उघडतो. लोक सेफ्टी व्हॉल्व्ह बदलतात, नवाही गळतो, मग त्याला शिव्या देतात. तो बिचारा आपलं काम करत असतो. वाफेच्या बॉयलरमध्ये हेच भोक काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आपोआप वर चढवतं.

पण काटा चढण्याची आणखी दोन कारणं आहेत आणि ती आधी वगळायला हवीत. काटा फक्त तापताना चढून थंड झाल्यावर जागेवर येत असेल तर संशय एक्स्पान्शन टाकीवर (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीवर) घ्या, कॉइलवर नाही. दुसरं कारण बॉयलरमध्ये पाणी भरणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह, तो पूर्ण मिटत नसला तरीही दाब वाढत राहतो.

वेगळं करायची रीत अशी. बॉयलर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. पाणी भरणाऱ्या नळीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. काटा कुठे आहे ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. रात्र जाऊ द्या. सकाळी काटा चढलेला असेल तर पाणी कॉइलमधूनच येतंय असं धरा, मात्र तो हाताचा व्हॉल्व्ह खरोखर मिटतो आहे ना, हा प्रश्न उरतो. म्हणून दुसरी चाचणी. आता कॉइलला जाणारं थंड पाणी बंद करा आणि घरातला सर्वांत खालच्या पातळीवरचा गरम पाण्याचा नळ उघडा. कॉइलमधलं पाणी निघून गेल्यावरही नळातून बारीक धार चालूच राहिली आणि त्याच वेळी बॉयलरचा काटा खाली येत गेला, तर कॉइलला भोक आहे, वाद मिटला.

इथे एक फसवणूक होते, चांगल्या चांगल्यांची. कॉइलच्या पुढे मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्यात गरम पाण्याला थंड पाणी मिळतं. त्या थंड पाण्याची वाट उघडी राहिली तर नळाला धार तिथूनही येते. तीही बंद करूनच चाचणी घ्या. खात्री बॉयलरच्या काट्यावरून करायची, नुसत्या धारेवरून नाही.

आतली गळती सापडली तर गरम पाणी पिण्या-स्वयंपाकाला वापरणं लगेच थांबवा. वापराच्या पाण्याचा दाब जास्त आहे तोवर बॉयलरचं पाणी तुमच्या नळात येणार नाही, पण बाहेरचा पुरवठा बंद पडला की प्रवाह उलटतो. बॉयलरमध्ये गंज असतो, काहींमध्ये गोठणरोधक द्रव आणि रसायनंही.

आणि एक: गरम पाण्याचा जोर कमी झाला, पाणी कोमट येतं, पण कुठेही ठिबक नाही आणि काटाही स्थिर, तर ती गळती नव्हे. कॉइलमध्ये क्षार साचले आहेत. त्यावर सौम्य आम्ल फिरवून धुण्याचा उपाय आहे. जुन्या कॉइलमध्ये कधी कधी त्या क्षारांनीच भोक बुजवलेलं असतं आणि धुतल्यावर ते उघडं पडतं, एवढं मनाशी ठेवून ते काम करा.

गॅस्केट, कॉइल, की तिसरंच काही?

गॅस्केट गेलं असेल आणि बोल्ट शाबूत दिसत असतील तर बॉयलर थंड करून, दाब उतरवून, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळून पाहायला हरकत नाही. पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. काही महिने मिळतील. बोल्टची डोकी गंजून झिजली असतील तर हा प्रयोग करूच नका.

फुटलेली कॉइल डाग देऊन (सोल्डर करून) वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. नळीची भिंत आतून सगळीकडेच पातळ झालेली असते. आज एक भोक बुजवाल, पुढचं शेजारीच तयार होत असतं. गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव तर वापराच्या पाण्याच्या बाजूला कधीच टाकायचा नाही.

तिसरा मार्ग म्हणजे कॉइल काढून तिच्या जागी कोरी प्लेट बसवायची आणि गरम पाण्यासाठी वेगळी टाकी किंवा हीटर लावायचा. तुमच्या मॉडेलची कॉइल मिळत नसेल, किंवा बॉयलरचं तोंडच गंजाने खड्डे पडून खराब झालं असेल, तर याचा विचार आधी करा.

जमवाजमव

बॉयलरच्या नावपट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि प्लेटचा फोटो घेऊनच सुटा भाग मागवा. बोल्टांची संख्या, भोकांमधलं अंतर, वेटोळ्याची लांबी, नळ्यांचा आकार, तापमान नियंत्रकासाठीचं भोक, हे सगळं जुळायला हवं. 'जवळजवळ तसंच' चालत नाही. गॅस्केट आणि बोल्टांचा पूर्ण संच नवा घ्या. अवजारांत सहा कोनांचे सॉकेट (बारा कोनांचे गंजलेल्या डोक्यावर घसरतात), दोन पाईप पाने, गंज सैल करणारं तेल, तारेचा ब्रश, खरवडणी, आटे साफ करायचा टॅप, आटे न चिकटू देणारी पेस्ट, रबरी नळी, बादल्या आणि भरपूर चिंध्या.

सुटे भाग हातात आल्याशिवाय बॉयलर उघडू नका, आणि काम सकाळी सुरू करा. बोल्ट तुटतो तो नेमका दुकानं बंद झाल्यावर.

गॅसची नळी, बर्नर, धुराडं यांना हात लावायचा नाही. ते परवानाधारक तंत्रज्ञाचं काम. बॉयलर फार जुना असेल तर गॅस्केट किंवा आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. शंका आली तर कोरडं खरवडू नका, तपासून घ्या आणि काम जाणकाराकडे द्या.

बंद, थंड, रिकामा

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांना तेल सोडून ठेवा. कामाच्या दिवशी बॉयलरची वीज मेन स्विचवरून बंद करा, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि थांबा. हाताला पूर्ण गार लागेपर्यंत, म्हणजे कित्येक तास. गरम बॉयलर घाईने रिकामा करून त्यात थंड पाणी सोडलं तर बिडाचा भाग तडकू शकतो, मग कॉइलची चिंताच उरत नाही.

मग बॉयलरला पाणी भरणारा व्हॉल्व्ह आणि कॉइलचं थंड पाणी बंद करा. गरम पाण्याचा एक नळ उघडून कॉइलमधला दाब घालवा. रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांवर व्हॉल्व्ह असतील तर तेही मिटवा, म्हणजे घरभराचं पाणी काढावं लागणार नाही. तळाच्या तोटीला रबरी नळी जोडून पाणी सोडा आणि हवा आत जाण्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका उचलून धरा. पातळी प्लेटच्या खालच्या कडेच्याही खाली जायला हवी. धार मध्येच थांबली तर 'संपलं' म्हणू नका, गाळाने तोटी तुंबलेली असू शकते. वाकडी केलेली तार आत घालून बघा.

कॉइलच्या नळ्या युनियनवर सोडवा. एका पान्याने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर पलीकडचा सांधा पिळला जातो. युनियन नसतील तर नळ्या कापाव्या लागतील. तसं असेल तर परत जोडताना युनियन घाला, पुढच्या वेळी स्वतःलाच धन्यवाद द्याल. तापमान नियंत्रक सोडवताना तारांचा फोटो काढा.

बोल्ट

या कामाचा जीव इथे अडकलेला असतो. सहा, आठ किंवा दहा बोल्ट, वर्षानुवर्षं ओलसर उष्णतेत भाजलेले. जोर लावला की सुटतात, नाहीतर डोकं हातात येतं.

प्रत्येक डोक्यावर हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या, त्याने आट्यांतला गंज मोडतो. मग पाना लावून आधी किंचित आवळा. हो, आवळा. हलकीशी 'कट्' जाणवली की उलटं फिरवा, थोडं सैल, थोडं परत घट्ट, तेल, पुन्हा सैल. सरळ एका दमात फिरवायला जाल आणि पाना रबरासारखा लवचिक वाटू लागला तर थांबा. बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. अशा बोल्टला पुन्हा तेल पाजून तासभर विसरून जा.

तुटलाच, तर घाबरू नका, बाकीचे काढा. प्लेट निघाल्यावर बोल्टचा तुकडा बहुधा थोडा बाहेर डोकावत असतो, त्याला लॉकिंग पक्कड लावून तेलासह हलवत राहा. पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर खूण पाडून भोक पाडणं आणि नवे आटे काढणं आलं. भोक एका बाजूला गेलं की बिडाचे आटेच खाल्ले जातात, आणि तुटका बोल्ट काढायचं अवजार आत तुटलं तर त्या कडक पोलादाला साधं ड्रिल लागत नाही. हातावर विश्वास नसेल तर हा एवढा तुकडा अनुभवी माणसाकडून काढून घ्या.

सगळे बोल्ट निघाले तरी प्लेट चिकटून बसते. समोरासमोरच्या कडांत दोन पातळ पाचरी घालून आलटून पालटून हलके ठोके द्या. एकाच बाजूने उचकटू नका आणि बिडावर हातोडा मारू नका. कॉइल सरळ बाहेर ओढा. पाणी आणि क्षार भरलेली ती दिसते त्यापेक्षा जड असते, आणि पाठोपाठ काळं पाणी येतं. बादली आधीच खाली हवी.

तोंड साफ करणं

बॉयलर उघडा आहेच तर आत बॅटरी मारा. तळाशी गाळ दिसला तर पाण्याची धार मारून तो तळाच्या तोटीतून काढून टाका, अशी संधी परत लवकर येत नाही.

मग बॉयलरचं तोंड. जुन्या गॅस्केटचा एकही तुकडा राहता कामा नये. खरवडणी सपाट धरा, टोकाने ओरखडे काढू नका. आडवा ओरखडा म्हणजे पाण्याला तयार वाट. शेवटी तारेचा ब्रश फिरवा, पुसा आणि बोटाने चाचपा. आट्यांमध्ये टॅप फिरवून नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातो का ते प्रत्येक भोकात पाहा. हाताने जात नसेल तर पान्याने ढकलू नका.

कॉइल तीच परत बसवणार असाल तर प्लेटचं तोंडही असंच साफ करा. वेटोळ्यावर हिरवट-पांढरे डाग किंवा बारीक खड्डे दिसले तर हात आखडता न घेता नवी आणा. फक्त गॅस्केटसाठी हे सगळं दुसऱ्यांदा करायला कुणालाच आवडत नाही.

बसवणं

नळ्यांना डाग द्यायचा असेल तर तो कॉइल बॉयलरला लावायच्या आधी, बाहेर द्या. बसवल्यानंतर ज्योत लावली तर उष्णता तांब्यातून प्लेटला आणि प्लेटमधून नव्या रबराला पोचते.

गॅस्केट कोरडं बसवायचं. कंपनीने स्पष्ट सांगितलं नसेल तर सिलिकॉन वगैरे काही फासू नका. घसरडं झालेलं रबर आवळताना बाहेर सरकतं. बोल्टांच्या आट्यांना पेस्ट लावा, सगळे आधी हाताने फिरवा, मग पाना. एक आवळला की त्याच्या अगदी समोरचा, मग त्यांच्या काटकोनातले, चांदणी काढल्यासारखं. एका फेरीत कुणालाही पूर्ण घट्ट करायचं नाही. तीन-चार फेऱ्या लागतात. मधूनमधून प्लेटच्या कडेची फट चारी बाजूंनी सारखी आहे का ते पाहा. कंपनीने घट्टपणाचा आकडा दिला असेल तर टॉर्क पाना वापरा. नसेल तर रबर सगळीकडे सारखं दाबलं गेलं की थांबा. जास्त आवळून गळती थांबत नाही, गॅस्केट चिरडतं.

मिक्सिंग व्हॉल्व्ह जुना असेल तर याच वेळी बदला. कॉइलमधून थेट येणारं पाणी ७०-८० अंश सेल्सिअसचं असू शकतं, आणि ६० अंशांच्या पाण्यानेसुद्धा काही सेकंदांत गंभीर भाजतं. नळाला पाणी ५० अंशांच्या आत यायला हवं. हे हाताने नाही, थर्मामीटरने ठरवा.

पाणी भरणं

बॉयलर रिकामा आहे तोवरच आधी कॉइलमध्ये पाणी सोडा. गरम नळ उघडा ठेवा, धार फुसफुसायची थांबली की बंद करा. आता कॉइल पूर्ण दाबाखाली आहे आणि बॉयलर रिकामा. तळाची तोटी उघडी ठेवून वीस मिनिटं बघा. आत उरलेलं पाणी निथळून गेल्यावरही थेंब येतच राहिले तर नवी कॉइल सदोष आहे किंवा तिला बसवताना मार बसला आहे. हे आत्ताच कळलेलं बरं.

कोरडं राहिलं तर तोटी बंद करून बॉयलर हळूहळू भरा, हवा काढत जा आणि दाब पूर्वीच्या थंड आकड्यावर आणा. वाफेचा बॉयलर असेल तर काचेवरच्या खुणेपर्यंत भरा. प्लेटखाली टिश्यू लावून अर्धा तास थांबा. मगच रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडा, दाब पुन्हा जुळवा, इंधन आणि वीज सुरू करा आणि तापत असताना तिथून हलू नका.

पहिल्यांदा पूर्ण तापून निवल्यावर बोल्ट एकदा तपासा, थंड असताना आणि दाब उतरवूनच. रबर बसल्यामुळे एखादा किंचित सैल वाटेल, तेवढाच आवळा. पुढचे आठ-दहा दिवस सकाळी, बॉयलर सर्वांत थंड असतो तेव्हा, प्लेटच्या खालच्या कडेवरून कोरडा कागद फिरवा आणि गेजचा आकडा टिपून ठेवा. कॉइलवाला बॉयलर ऋतू बदलला म्हणून पूर्ण बंद करण्याची सवय असेल तर ती सोडा, नवं गॅस्केटही त्या आकुंचनाने लवकर म्हातारं होतं. आणि गॅस्केटच्या पाकिटावरचा भाग क्रमांक, बोल्टचा आकार व आजची तारीख पक्क्या शाईने बॉयलरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.